कागदावर लिहिलं होतं ‘छाती’

मला फसवलं ते पुण्यातल्या आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरसाहेबांनी. माझा आजार मनाचा होता आणि त्यांनी कागदावर छातीचा लिहिला. तो कागद न वाचता मी सही केली, म्हणजे थोडं मीही स्वतःला फसवलं. पुढे तोच खोटा कागद मी माझ्या सोयीसाठी वापरला, म्हणजे आणखी काही माणसं माझ्याकडून फसली. मूळ दोष कोणाचा, हे सतरा वर्षं झाली तरी मला उलगडत नाही. पण सुरुवात त्यांनी केली, एवढं मी कुठल्याही पंचांसमोर सांगेन.

माझं नाव दगा. मूल दगडासारखं टिकावं म्हणून आमच्या शहाद्याकडे दगडू नाव ठेवतात, आणि दगडूचा दगा होतो. आमच्याकडे गल्लीगल्लीत एक दगा सापडेल. कोणी हसत नाही.

आमच्या भागातली पोरं आता कॉलेजात जायला लागली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं यात नाहीत. मला औषध असं कोणी दिलंच नाही.

रुमालाखाली

वडील लवकर गेले. रहिमचाचांनी मला शहाद्याच्या गुरांच्या बाजारात उभं केलं. ते बैलांचे दलाल. आमच्या धंद्यात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा रुमाल हातावर टाकतो, त्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून विचारतो. उत्तरही बोटं दाबूनच मिळतं. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक.

दुसरी गोष्ट, बैलाची खोड लपवायची नाही. मारका असेल तर मारका म्हणायचं. जुंपल्यावर मध्येच खाली बसणारा असेल तर बसका म्हणायचं. घेणारा विचारो न विचारो, आपण सांगायचं. रहिमचाचांचा बाजारात शब्द चालायचा तो एवढ्यामुळेच.

मी या कामात पटकन तयार झालो. हेडमास्तरांशी घासाघीस करून बाजाराच्या दिवसाची कायमची सुटी मिळवली आणि बाकीचे दिवस नंदुरबारच्या शाळेत काढले. मॅट्रिक झालो तेव्हा वर्गात मिशा असलेला मी एकटाच होतो. पुण्याला गेलो तो स्वतःच्या कमाईवर. कोणाची चिठ्ठी नेली नाही, कोणाचे पाय धरले नाहीत. हे सांगतो, कारण पुढे मला “मुळातच दुबळा होता” असं म्हणणारे भेटले.

आठे शे

पहिल्या दिवशी हजेरीत माझं नाव आलं आणि वर्ग हसला. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “दगा? कोणाला दिला?”

“अजून कोणाला नाही. तुझा पत्ता सांग,” मी म्हणालो. वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी माझ्या बाजूने.

अशा जोरावर पहिलं वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी, इंटरच्या वर्गात, प्रोफेसरांनी अचानक विचारलं, “तुमचं पुस्तक कुठे आहे?” मी पुस्तक वर करून म्हणालो, “आठे शे.”

‘इथे आहे’ म्हणायचं ते घरच्या बोलीत निसटलं, एवढंच. पण तो महिनाभर माझ्यामागे फिरला. खाणावळीत वाढपी आमटी घेऊन आला की कोणीतरी ओरडायचं, “आठे शे!” कोणी दुष्ट नव्हतं. उलट आपुलकीनेच चालायचं. मला अजून कळत नाही ते हेच. बाजारात मी आईबापांवरच्या शिव्या ऐकून शांतपणे भाकरी खात असे, आणि इथे दोन शब्दांनी माझं काय बिघडलं?

मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायला लागलो. मन्हा नाही, माझा. तुले नाही, तुला. वाक्य स्वच्छ होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असायची. मग मी बोलणं कमी केलं. मग वाचतानाही तसंच व्हायला लागलं. एक ओळ वाचायची, बरोबर वाचली का म्हणून पुन्हा वाचायची, पुन्हा. दिवसभरात पान उलटत नसे. झोप गेली, भूक गेली. मी, ज्याने बाजारातल्या गलक्यात बीजगणित केलं होतं.

एका सकाळी खाटेवर बसलो आणि उठता येईना. पाय धड होते. वहाणा समोर होत्या. त्यांत पाय घालायचा म्हणजे आधी काय करायचं, हेच सुचेना. माझ्या खोलीतला सदाशिव नावाचा कोकणातला, सदा हसरा मुलगा आंघोळ करून आला, कपडे घालून वर्गाला गेला, परत आला. मी तिथेच.

“अरे, तू हललाच नाहीस?” तो म्हणाला. मग त्याने खाली बसून माझ्या पायांत वहाणा घातल्या आणि मला डॉक्टरांकडे नेलं. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू नव्हतं.

डॉक्टरांकडे

कॉलेजचे डॉक्टर वयस्क होते. त्यांनी विचारलं, “काय होतंय?”

मी शुद्ध वाक्य शोधत राहिलो. ते मिळेना. शेवटी जे निघालं ते घरचं होतं. “छातीवर कोनी बठेल शे.”

छातीवर कोणीतरी बसलं आहे. याहून खरं मला आजही सांगता येणार नाही. डॉक्टरांनी नळी लावली, पुढून ऐकलं, पाठीमागून ऐकलं, खोकायला सांगितलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “घरी कोणाला वेडाचा त्रास होता?” मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी सदाशिवला बाहेर पाठवलं, इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि कागद घडी करून रेक्टरसाहेबांकडे धाडला.

त्यांना माझं बोलणं शब्दशः छातीचं वाटलं, की सगळं समजूनही त्यांनी तसं लिहिलं? याचं उत्तर मला नंतर मिळालं, ते पुढे येईल. त्याने समाधान होत नाही, हे आताच सांगून ठेवतो.

रेक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी आले. दारातूनच म्हणाले, “काळजी करू नका. घरी जाऊन विश्रांती घ्या. जागा तुमचीच राहील. इथे सही करा.”

ज्या माणसाने आयुष्यात तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय एक बैल घेतला नाही, त्याने तो कागद वाचला नाही. अक्षरं दिसत होती, पण पहिल्या ओळीवरून दुसरीवर जाता येईना. सही केली.

आजाऱ्यांची खोली

घरून माणूस येईपर्यंत मला आवाराच्या टोकाच्या खोलीत ठेवलं. सकाळी कंपाउंडर यायचा, तोंडाला फडकं बांधून थर्मामीटर लावायचा. ताप नसे. तो वहीत लिहायचा आणि थर्मामीटर दोनदा धुवायचा. कांजीचं भांडं दाराशी ठेवून गडी टाळी वाजवायचा, म्हणजे तो दूर गेल्यावर मी घ्यावं. फडकं कशाला, टाळी कशाला, मला कोणी सांगितलं नाही. मला वाटलं, वेड लागलेल्यांना असंच वागवत असतील. मला वेड लागलंय असं मी मनात ठरवून टाकलं आणि त्या भीतीने उरलंसुरलं बोलणंही बंद झालं.

सदाशिव मात्र रोज खिडकीबाहेर दहा पावलांवर उभा राहायचा आणि मोठ्याने खाणावळीची हकिकत सांगायचा. “आज वांगं. काल वांगं. उद्या संप आहे, कारण परवाही वांगं आहे.” मी उत्तर देत नसे. तो जाताना म्हणायचा, “बरं, तुझंही मत वांग्याविरुद्ध धरतो.” त्या नऊ दिवसांत माझ्याशी माणसासारखं बोललेला तो एकटाच.

दहाव्या दिवशी रहिमचाचा आले. तार मायच्या नावाने गेली होती, पण मोठा भाऊ नथ्थू पेरणी सोडून येईना आणि मायला पुणं माहीत नव्हतं. कंपाउंडर त्यांना दाराशीच अडवायला लागला. ते सरळ आत आले आणि माझ्या खाटेवर बसले.

“काय रे दगा, काय व्हयनं तुले?”

मी वहाणांकडे बघत राहिलो.

“बेटा, बोल ना. मी शे ना आठे.”

तो शब्द ऐकून माझे डोळे भरले, पण आवाज निघाला नाही. चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझा हात धरला.

“नींद?” ते म्हणाले. मी एकच बोट दाबलं.

“भूक?” तेवढंच.

“दुखस कितलं?” मी पाचही बोटं धरली, आणि सोडलीच नाहीत.

“बरं,” चाचा म्हणाले. “समजनं. आते आपला सौदा आपलामा. कोनले सांगानी गरज नही.”

दहा दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता. माझ्या बरं होण्याची सुरुवात मी तिथून धरतो.

गोठ्यात

नंदुरबारला उतरून प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडली आणि घरी आलो. नथ्थूने तो इंग्रजी कागद पोस्टमास्तरांकडून वाचून घेतला. छातीचा आजार, क्षयाचा संशय, इतर विद्यार्थ्यांपासून दूर ठेवणे आवश्यक. गावभर झालं. माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, खाट गोठ्यात. नथ्थूचा दोन वर्षांचा श्यामू धावत माझ्याकडे यायचा आणि त्याची आई त्याला दंडाला धरून ओढून न्यायची. तिचा राग येत नाही. कागदच तसा होता.

माय भाकरी ठेवून चार हातांवर बसायची. “खोकला तर नही तुले, मंग कसा क्षय?” ती विचारायची. बरोबर प्रश्न होता. मला स्वतःलाच माहीत नव्हतं. कागद म्हणतो छाती. मी म्हणतो डोकं. मग वाटायचं, छातीच असेल, डॉक्टरांना जास्त कळतं. मी मुद्दाम खोकून पाहायचो. काही येत नसे. क्षयाने मरायचं की वेडा होऊन जगायचं, यातलं काय बरं, असा हिशेब गोठ्यात पडून मी करत असे आणि तोही अर्ध्यात विसरायचो.

नथ्थूशी माझं याच दिवसांत तुटलं. तो एकदा गोठ्याच्या दाराशी येऊन म्हणाला, “शिकाले कोनी सांगेल व्हतं तुले? बैल इकाना सोडीसन साहेब व्हवाले निंघना!” बैल विकणं सोडून मी साहेब व्हायला निघालो, हा त्याचा राग. माझ्याजवळ उत्तर होतं, कडक उत्तर होतं, पण तोंड उघडेना. ते गिळलेलं उत्तर मला कितीतरी दिवस पुरलं.

चाचा मात्र रोज यायचे. त्यांनी नथ्थूला सरळ सांगितलं, “तुन्हा भाऊ आजारी नही, बसका व्हयेल शे. बसका बैलले मारतस नही. जू काढतस, आनि चालता बैलना जोडे मोकळा चालाडतस.” बसलेल्या बैलाला मारायचं नाही, जू काढायचं आणि चालत्या बैलाच्या जोडीने मोकळं चालवायचं. नथ्थू चिडून म्हणाला, “क्षय शे तो!” चाचा म्हणाले, “मंग मन्हा जोडे चालू दे. मी तं म्हाताराच शे.”

मोलगी

पावसाळा संपल्यावर चाचांनी मला बाजारांना नेलं. काम काही नाही, नुसतं बरोबर चालायचं. रोज थोडं जास्त. एकदा डोंगर चढून मोलगीच्या बाजाराला गेलो. तिथे मला बरं वाटायचं कारण वेगळंच होतं. डोंगरातल्या लोकांची बोली आम्हाला धड येत नाही, त्यांना आमची येत नाही. सगळे हातवारे करतात, तोडकंमोडकं बोलतात. तिथे माझं गप्प राहणं कोणाच्या लक्षातही येत नसे.

एक डोंगरातला शेतकरी तांबड्या बैलाला घेऊन उभा होता. बैल सुरेख. चाचांनी दात पाहिले, खूर पाहिले, रुमाल काढला. तो हातावर पडण्याआधीच त्या माणसाने हात मागे घेतला आणि आमच्या भाषेत जमेल तसं सांगितलं, “हाई बठस.” हा बसतो. कोणी न विचारता त्याने खोड सांगितली.

चाचा दलालच होते. त्यांनी लगेच चेहरा पाडला. “बठस? मंग काय कामना? खाटीकले दे.”

माझ्या डोक्यात काहीतरी पेटलं. “काबरं खाटीकले?” मी ओरडलो. “बठस म्हनीसन काय मरी गया तो? खरं सांगनं त्यानी, आनि तुम्ही भाव पाडी ऱ्हायनात! लाज वाटत नही का चाचा?”

बाजार थांबला. पाच महिन्यांनी माझा आवाज निघाला होता आणि तो मलाच अनोळखी वाटला. शेतकऱ्याला माझं किती समजलं कोण जाणे, पण तो हसला, बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “बठस. पन उठस बी.”

चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण भाव त्यांनी तरीही पाडूनच घेतला. मी आजही त्यांच्यावर त्यासाठी रागावलेला आहे. तो बैल मी ठेवून घेतला. तो बसायचा तेव्हा मी त्याच्याशेजारी बसायचो. नंतर तो उठायचा.

एकदम बरा झालो असं नाही. आठ दिवस चांगले जायचे, दोन दिवस पुन्हा वहाणांकडे बघत बसायचो. पण वाईट दिवसाला शेवट असतो हे त्या बैलाकडे पाहून पटत गेलं. पुस्तक उघडलं. ओळीनंतर दुसरी ओळ यायला लागली. मला परत जायचं होतं. इंटर द्यायची होती. नथ्थूला ते उत्तर द्यायचं होतं.

धुळ्याचा कागद

कॉलेजात परत घ्यायचं तर छाती बरी झाल्याचा दाखला हवा होता. धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, “तुला क्षय कधीच नव्हता. कोणी सांगितलं?”

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. सहा महिने गोठ्यात, सहा महिने वेगळ्या ताटात भाकरी खायची, ती नसलेल्या रोगासाठी!

तोच दाखला घेऊन पुण्यात रेक्टरसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी तो वाचला आणि दार लावून घेतलं.

“हे इथे दाखवू नका,” ते म्हणाले.

“का? खरं आहे.”

“क्षय नव्हता तर तुम्ही टर्म सोडून का गेलात? मग खरं कारण लिहावं लागेल. मनोविकार. तसं लिहिलं तर कोणतं वसतिगृह तुम्हाला ठेवेल? डॉक्टरांनी आणि मी विचार करूनच छाती लिहिलं. तुमच्या भल्यासाठी.”

“तुमच्या कागदाने मला घराबाहेर ठेवलं, साहेब.”

त्यांनी दाखल्याची घडी घातली. वाईट माणूस नव्हते, हीच तर अडचण. मग म्हणाले, “वेडा म्हणून घरात ठेवलं असतं का?”

मी दाखला उचलला.

“मला विचारायचं तरी होतं,” मी म्हणालो.

“तुम्ही बोलत कुठे होतात?”

मग मी जे केलं ते लिहायला जड जातं. मी सौदा केला. धुळ्याला परत गेलो आणि डॉक्टरांच्या मागे लागून दुसरा दाखला घेतला: छाती आता निर्दोष आहे. ‘आता’ हा एक शब्द मी पदरात पाडून घेतला. त्यावर जागा मिळाली, इंटर दिली, पास झालो. सदाशिवने खाणावळीत जाहीर केलं, “क्षय हरला, वांगं जिंकलं!” मी त्यालाही खरं सांगितलं नाही. गावी सगळे म्हणाले, दगा क्षयातून उठला. पुढे मी दलालीच धरली आणि बाजारात माझ्या शब्दाला वजन आलं. डोकं फिरलेल्या दलालाशी कोण व्यवहार करेल? चाचांना खरं माहीत होतं. ते गेले तेव्हा ती गोष्ट माझ्या एकट्याजवळ राहिली. बैलाची खोड मी कधी लपवली नाही. स्वतःची सतरा वर्षं लपवली.

परवाचं पत्र

नथ्थूचा श्यामू, जो माझ्या खाटेकडे धावत यायचा, यंदा त्याच कॉलेजात इंटरला आहे. त्याला मीच पाठवलं. परवा त्याचं कार्ड आलं. अक्षर एका बाजूला उतरलेलं. “काका, महिनाभर वाचन होत नाही. उठवत नाही. डॉक्टरांनी पाहिलं. रेक्टर म्हणतात छातीचं आहे, घरी जा, जागा राहील. तुम्हाला झालं होतं तसंच. सही करू का?”

नथ्थूने कार्ड ऐकलं आणि गोठा झाडायला निघाला. मी त्याला थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्याने झाडू खाली ठेवला. मग म्हणाला, “मंग याले खरंच काय शे? छाती का डोकं?”

मला सांगता येईना. खरा क्षयही असू शकतो. त्याच शब्दात दोन्ही रोग कोंबून ठेवलेत, आणि ते गाठोडं बांधायला मीही हात लावला आहे.

श्यामूला तार केली आहे, मी येईपर्यंत सही करू नकोस. आज निघतो. खांद्यावर चाचांचा रुमाल आहे. पोरगा बोलला तर ऐकेन, न बोलला तर हात धरेन.

आणि त्या खुर्चीत आता जे कोणी बसले असतील त्यांना हा मजकूर आधीच पाठवत आहे. माझ्या वेळचे रेक्टरसाहेब निवृत्त झाले, डॉक्टर वारले, हे मला सांगू नका. कागद तुमच्या कपाटात आहे. त्यावर छाती कोणी लिहिलं, का लिहिलं, आणि माझ्यानंतर किती पोरं त्याच शब्दाखाली घरी धाडली, हे मला हवं आहे. माझ्या पुतण्याच्या कागदावर काय लिहिणार आहात, ते माझ्यासमोर आणि त्याला वाचून दाखवून लिहा. मी परवा सकाळी दारात उभा असेन. उत्तर तयार ठेवा.